उलटी खाडी: एव्हरग्लेड्समध्ये खत समुद्राकडून येतं तेव्हा

पॉडकास्टचा हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो असं तुमच्यापैकी बरेच जण कळवतात, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कमी केलंय, बाकी मजकूर तोच आहे.

आजचा विषय आहे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचं दक्षिण टोक, म्हणजे एव्हरग्लेड्स. नाव ऐकल्यावर मगरी डोळ्यांसमोर येतात, पण आज मगरी बाजूला ठेवू. आज एक कोडं सोडवायचंय. एकच पदार्थ, फॉस्फरस. तो वादळाबरोबर समुद्राकडून आला की तिथली खारफुटी जोमाने वाढते. तोच फॉस्फरस कालव्यातून, जमिनीकडून आला की शेकडो चौरस किलोमीटरचं गवताळ पाणथळ बिघडतं. असं का? याचं उत्तर मिळालं की खाडी म्हणजे काय, ती कशावर जगते, आणि ती वाचवायला अब्जावधी डॉलर खर्चूनही काम इतकं अवघड का होतं, हे सगळं उलगडतं.

आधी नेहमीची खाडी

आपल्या डोक्यातली खाडी कशी असते? सावित्री किंवा वाशिष्ठी घ्या. सह्याद्रीवरून पावसाळ्यात लाल पाणी धावत येतं, बरोबर माती आणि पालापाचोळा आणतं. बाणकोटला किंवा दाभोळला ते समुद्राला मिळतं. त्या गाळात झाडांना लागणारं नत्र आणि फॉस्फरस असतं. म्हणजे खत जमिनीकडून समुद्राकडे जातं. समुद्र काय करतो? दिवसातून दोनदा भरती-ओहोटीने ते पाणी घुसळतो आणि पातळ करतो. जगातल्या बहुतेक खाड्यांचा हिशोब साधारण असाच: जमीन देणारी, समुद्र घेणारा.

दक्षिण फ्लोरिडात हा हिशोब उलटा आहे. तिथे नदीच्या बाजूने येणारं गोडं पाणी इतकं स्वच्छ असतं की त्यात झाडांना खायला जवळजवळ काही नसतं. निदान फॉस्फरस तरी नसतोच. फॉस्फरस येतो मेक्सिकोच्या आखातातून, भरतीच्या पाण्याबरोबर. म्हणून तिथे काम करणारे शास्त्रज्ञ या प्रदेशाला 'उलटी खाडी' म्हणतात.

हे शास्त्रज्ञ कोण? मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीत २००० सालापासून एक दीर्घकालीन संशोधन प्रकल्प चालू आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८० मध्ये 'दीर्घकालीन परिसंस्था संशोधन' नावाचं जाळं उभारायला घेतलं, त्यातलंच हे एक केंद्र. डॅनियल चाइल्डर्स यांनी सुरुवातीला त्याचं नेतृत्व केलं, पुढे बरीच वर्षं एव्हलिन गायझर यांनी. पद्धत साधी, पण चिकाटीची: पाणी ज्या वाटांनी समुद्राकडे जातं त्या वाटांवर ठरावीक ठिकाणं निवडायची, आणि तिथलं पाणी, माती, शेवाळ, गवत, झाडं, मासे वर्षानुवर्षं मोजत राहायचं.

पाण्याची चादर

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. वरती मध्य फ्लोरिडातून किसिमी नदी येते आणि ओकीचोबी तलावाला मिळते. हा तलाव सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचा, पण खोली सरासरी ३ मीटरपेक्षाही कमी. म्हणजे तलाव कसला, अवाढव्य परातच! पूर्वी पावसाळ्यात ही परात भरली की दक्षिणेच्या काठावरून पाणी सांडायचं आणि १५० किलोमीटरच्या आसपास प्रवास करत समुद्राला जायचं. या प्रवासात जमिनीला उतार किती? दर किलोमीटरला जेमतेम ३ ते ५ सेंटीमीटर. त्यामुळे पाणी नदीसारखं एका पात्रातून न वाहता कितीतरी किलोमीटर रुंद पातळ चादरीसारखं गवतातून सरकायचं. मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी १९४७ साली एव्हरग्लेड्सवर पुस्तक लिहिलं आणि त्याला 'गवताची नदी' म्हटलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन झालं.

हा प्रदेश उपोष्ण कटिबंधात येतो. ऋतू मुख्यतः दोनच, पावसाळा आणि कोरडा. मे ते ऑक्टोबर पाऊस, नंतर कोरड. खालचा खडक चुनखडीचा. इथेच आपल्या कोड्याचा पहिला धागा आहे. चुनखडीतलं कॅल्शियम पाण्यातल्या फॉस्फेटला धरून ठेवतं. त्यामुळे आधीच पावसावर जगणाऱ्या या पाण्यात जो थोडाफार फॉस्फरस असतो तोही अडकून बसतो.

गूळ पाव किलोच

थोडी पार्श्वभूमी. समजा घरात पुरणपोळ्या करायच्या आहेत. डाळ १० किलो आहे, कणीक १० किलो आहे, पण गूळ फक्त पाव किलो. पोळ्या किती होतील? गुळाच्या हिशोबाने. डाळ आणखी १० किलो आणली तरी एकही पोळी वाढणार नाही. वनस्पतींचं असंच असतं. ज्या घटकाची चणचण सगळ्यात जास्त, तोच वाढ ठरवतो. याला लीबिगचा नियम म्हणतात. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको: डेटाबेस मंद असेल तर सर्व्हर कितीही वाढवा, साइट मंदच चालणार.

एव्हरग्लेड्सच्या गोड्या पाण्यात हा गूळ म्हणजे फॉस्फरस. तिथल्या आतल्या, न बिघडलेल्या भागात एका लिटर पाण्यात त्याचं प्रमाण १० मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं. हे किती कमी आहे बघा. आपल्याकडे शेतकरी डीएपी वापरतात. त्याच्या ५० किलोच्या एका गोणीत शुद्ध फॉस्फरस साधारण १० किलो असतो. लिटरला १० मायक्रोग्रॅम हे प्रमाण गाठायला ती एक गोणी १०० कोटी लिटर पाण्याला पुरते! म्हणजे शेतातून वाहून आलेलं थोडंसं खतही इथे केवढी उलथापालथ करू शकतं, याचा अंदाज येतो.

मग इतक्या उपासमारीत तिथे जगतं काय? एक तर सॉग्रास, कडेला करवतीसारखे दात असलेलं उंच गवत. आणि दुसरं म्हणजे पेरिफायटन. पाण्यात गवताच्या काड्यांभोवती आणि तळाशी पिवळसर-तपकिरी, स्पंजासारखी जाड साय दिसते, ती ही. शैवाल, नील-हरित जिवाणू, इतर सूक्ष्मजीव आणि चुन्याचे कण यांचं ते एकत्र कुटुंब. फॉस्फरसचा कण आला रे आला की ते तो उचलतात आणि आपापसांत फिरवत राहतात. लहान मासे, गोगलगायी, झिंगे याच सायीच्या आधाराने जगतात, आणि त्यांच्यावर पुढे बगळे, करकोचे.

आता एक महत्त्वाचा प्रयोग ऐका. संशोधकांनी उद्यानातल्या दलदलीतच प्रवाहाला समांतर असे पाट तयार केले आणि त्यांत वर्षानुवर्षं फॉस्फरस सोडला. किती? नैसर्गिक पातळीपेक्षा लिटरला ५, १५ आणि ३० मायक्रोग्रॅम जास्त. अपेक्षा अशी असू शकते की ५ ला काही होणार नाही, ३० ला होईल. प्रत्यक्षात पेरिफायटनची साय तिन्ही पाटांत विरघळली. फरक फक्त वेळेचा पडला: डोस जास्त असेल तिथे लवकर, कमी असेल तिथे उशिरा. गायझर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे निष्कर्ष मांडले. याचा अर्थ असा की या परिसंस्थेला 'थोडं चालतं' असं काही नाही. थोडं थोडं साठत जातं आणि बिल नंतर येतं.

साय गेली की गवत बदलतं. सॉग्रास मागे हटतं आणि पाणकणीस पुढे येतं. पाणकणीस आपल्याकडेही ओढ्यांत आणि सांडपाण्याच्या डबक्यांत दाटीने वाढलेलं दिसतं. ते इतकं दाट होतं की उघडं पाणी उरत नाही. पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि पक्ष्यांना उतरायला जागा राहत नाही.

दोन वाटा, दोन जंगलं

आता समुद्राच्या बाजूने येऊ. एव्हरग्लेड्सचं पाणी मुख्यतः दोन वाटांनी समुद्राला जातं. मोठी वाट शार्क रिव्हरची. ती नैर्ऋत्येला मेक्सिकोच्या आखातात उतरते. छोटी वाट टेलर स्लूची. ती दक्षिणेला फ्लोरिडा बे नावाच्या उथळ उपसागरात जाते.

दोन्हीकडे खारफुटी आहे. तिथली लाल खारफुटी म्हणजे आपल्या कांदळाची चुलत बहीण आणि काळी खारफुटी म्हणजे आपल्या तिवराची. वंश तेच, जाती वेगळ्या. पण उंची बघा. शार्क रिव्हरच्या मुखाशी झाडं पाच-सहा मजली इमारतीएवढी उंच वाढतात. तिथून आत, गोड्या पाण्याकडे जावं तशी ती बुटकी होत जातात. टेलर स्लूच्या बाजूला तर मोठमोठ्या पट्ट्यांत माणसाच्या उंचीची, कित्येकदा त्याहूनही कमी उंचीची झुडपं दिसतात.

कारण काय? मातीत फॉस्फरस मोजला तर समुद्राजवळ जास्त आणि आत कमी कमी होत जातो. शार्क रिव्हरच्या मुखाशी आखाताची भरती थेट आत शिरते आणि खत घेऊन येते. टेलर स्लूच्या समोर फ्लोरिडा बे आहे. तो सरासरी जेमतेम मीटरभर खोल, आणि मध्ये चिखलाच्या बांधांनी खणाखणांत विभागलेला. आखाताची भरती तिथपर्यंत पोचता पोचता मरून जाते. खत नाही, म्हणून झाडं खुरटी. दोन्हीकडे ऊन तेच, पाऊस तोच, जाती त्याच. फरक मुख्यतः समुद्राच्या पुरवठ्याचा.

पक्ष्यांनी केलेला प्रयोग

फ्लोरिडा बेमध्ये फॉस्फरसची भूक किती आहे, हे दाखवणारा माझा आवडता प्रयोग सांगतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी उपसागराच्या तळातल्या समुद्रगवतात खांब रोवले. खांब दिसला की सुरय आणि पाणकावळे त्यावर बसणार, आणि बसले की शिटणार. पक्ष्यांच्या शिटेत फॉस्फरस भरपूर. खत घालायचं काम पक्ष्यांनी फुकटात केलं!

खांबाभोवतीचं समुद्रगवत आधी जोमाने वाढलं. पण मग तिथे मूळचं हळू वाढणारं 'टर्टल ग्रास' मागे पडलं आणि दुसरं, भराभर वाढणारं गवत वरचढ झालं. काही खांबांवर पक्ष्यांना सुमारे २८ महिन्यांनी बसू देणं बंद केलं. म्हणजे खत थांबलं. गवत पूर्ववत झालं का? नाही. २० हून जास्त वर्षांनी जाऊन पाहिलं तरी त्या जागा वेगळ्या ओळखू येत होत्या. जेम्स फोरक्युरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम आहे. फॉस्फरस तळाच्या चिखलात मुरला आणि तिथेच फिरत राहिला. अडीच वर्षांच्या खताचा परिणाम दोन दशकं टिकला. इथे अनडूचं बटण नाही, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

वादळाचं देणं आणि घेणं

२४ ऑक्टोबर २००५ ला विल्मा हे चक्रीवादळ नैर्ऋत्य फ्लोरिडावर आदळलं. शार्क रिव्हरच्या मुखाशी असंख्य झाडं मोडली, पानं झडली. पण समुद्राच्या लाटेने आणखी एक गोष्ट केली. तळाचा चुनखडीचा चिखल उचलून जंगलात पसरवला. काही ठिकाणी या गाळाचा थर काही सेंटीमीटर जाड होता. तपासलं तर त्यात फॉस्फरस चांगलाच होता. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इर्मा आलं, तेव्हाही तेच झालं. एडवर्ड कास्तान्येदा-मोया आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की ही वादळं खारफुटीला खत घालतात, आणि झाडं त्या खतावर सावरतात. वर जमिनीची पातळीही थोडी उंचावते. समुद्र वर चढत असताना ही गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे.

पण 'वादळं चांगली असतात' असा अर्थ काढू नका. इर्मानंतर नैर्ऋत्य फ्लोरिडात १०,००० हेक्टरहून जास्त खारफुटी पूर्ण मेलेली आढळली. ती मुख्यतः कुठे? सखल जागी, जिथे लाटेबरोबर आत आलेलं पाणी बाहेर पडू शकलं नाही आणि तुंबून राहिलं. म्हणजे वाऱ्याने मोडलेलं जंगल सावरू शकतं, पण तुंबलेल्या पाण्यात मुळं गुदमरून मरतात.

आता कोड्याचं उत्तर देता येईल. समुद्राकडून आलेला फॉस्फरस खनिजाला चिकटलेला असतो, अधूनमधून येतो, आणि ज्यांना त्याची सवय आहे अशा झाडांपाशी येतो. कालव्यातून आलेला फॉस्फरस बराचसा पाण्यात विरघळलेला असतो, सतत येतो, आणि ज्यांचं सगळं आयुष्य त्याच्या अभावावर बेतलेलं आहे त्या सायीवर आणि गवतावर येतो. पदार्थ एकच, पण जागा, वेळ आणि रूप वेगळं.

पाणी कुठे गेलं?

कालव्याचं पाणी आलं कुठून, ते बघू. विसाव्या शतकात दक्षिण फ्लोरिडाला दोन गोष्टी हव्या होत्या: कोरडी जमीन आणि पुरापासून सुटका. १९२८ मध्ये टॅम्पा आणि मायामी जोडणारा टॅमियामी ट्रेल हा रस्ता खुला झाला. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या या रस्त्याने दक्षिणेकडे सरकणारी पाण्याची चादर आडवी कापली. खाली मोऱ्या ठेवल्या होत्या, पण चादर मोरीतून जात नाही. १९४८ मध्ये सरकारने मोठा पूरनियंत्रण प्रकल्प मंजूर केला. कालवे, बांध, पंप, दरवाजे. ओकीचोबीच्या दक्षिणेला सुमारे २,८०० चौरस किलोमीटर जमीन शेतीसाठी मोकळी झाली. तिथे आज मुख्यतः ऊस आहे. मूळ एव्हरग्लेड्सपैकी जवळपास निम्मा भाग शेती आणि शहरांखाली गेला.

उसाची ही जमीन म्हणजे पीट. हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजून साठलेल्या गवताची काळी माती. पाणी काढलं की तिला हवा लागते, सूक्ष्मजीव तिला खाऊन टाकतात, आणि जमीन खचते. बेल ग्लेड या गावी १९२४ मध्ये ९ फुटांचा काँक्रीटचा खांब खालच्या खडकापर्यंत गाडला होता, वरचं टोक जमिनीच्या पातळीला. आज तो सुमारे ६ फूट उघडा दिसतो. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली.

तलाव भरला की जास्तीचं पाणी आता दक्षिणेला न जाता पूर्वेला सेंट ल्युसी आणि पश्चिमेला कॅलुसाहॅची नदीतून समुद्रात सोडलं जातं. त्या दोन्ही खाड्यांना एकदम नको इतकं गोडं पाणी मिळतं, तेही खताने भरलेलं. २०१६ च्या उन्हाळ्यात सेंट ल्युसीच्या बाजूला शेवाळाचा इतका जाड थर आला की आणीबाणी जाहीर करावी लागली. आणि त्याच वेळी दक्षिणेकडचा फ्लोरिडा बे तहानलेला असतो. एकीकडे पूर, दुसरीकडे टँकर, हे चित्र आपल्याला नवीन नाही.

तहानलेल्या खाडीचं काय होतं?

१९८७ मध्ये फ्लोरिडा बेमध्ये समुद्रगवत अचानक मरायला लागलं. सुमारे ४,००० हेक्टरवरचं पूर्ण गेलं, त्याहून कितीतरी मोठ्या क्षेत्राला झळ बसली. मग उघड्या पडलेल्या चिखलातून पोषक द्रव्यं सुटली आणि पुढची काही वर्षं पाणी शेवाळाने गढूळ राहिलं. २०१५ मध्ये पुन्हा तसंच. २०१५ च्या घटनेची साखळी बरीच स्पष्ट आहे. दुष्काळ पडला, गोडं पाणी आलं नाही, उथळ उपसागर उन्हात आटला, आणि काही भागांत खारटपणा समुद्राच्या जवळजवळ दुप्पट झाला. गरम आणि खारट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. रात्री गवत स्वतःच श्वास घेऊन उरलासुरला प्राणवायू संपवतं. मग चिखलातला विषारी सल्फाइड मुळांतून आत शिरतो. गवत मरतं, कुजतं, कुजताना आणखी प्राणवायू खातं, आणि शेजारचं गवत मरतं.

जमिनीवर वेगळी गोष्ट चालू आहे. आग्नेय किनाऱ्यालगत खुरट्या, विरळ झाडीचा एक पट्टा आहे. हवाई छायाचित्रांत तो पांढरट दिसतो. १९४० च्या सुमाराची आणि १९९० च्या दशकातली छायाचित्रं ताडून पाहिली तर या पट्ट्याची आतली कड सरासरी दीड किलोमीटर जमिनीकडे सरकलेली दिसली. समुद्र वर चढतोय हे एक कारण. की वेस्टच्या भरतीमापकाच्या नोंदींनुसार तिथली पातळी १०० वर्षांत साधारण २५ सेंटीमीटर वाढली. दुसरं कारण म्हणजे समोरून रेटणारं गोडं पाणी कमी झालं. दोरीखेचीत एका बाजूने हात सोडले तर दुसरी बाजू जिंकणारच.

खारं पाणी सॉग्रासच्या पीटमध्ये शिरलं की काय होतं, ते टिफनी ट्रॉक्सलर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून पाहिलं. गवताची मुळं वाढेनाशी होतात. पीट म्हणजे मुळांचाच ढीग, त्यात रोज थोडी भर पडते आणि रोज थोडं कुजतं. भर थांबली की फक्त कुजणं उरतं. जमीन वर्षाला काही सेंटीमीटर बसू शकते. समुद्र वर्षाला काही मिलिमीटर चढतोय आणि जमीन सेंटीमीटरने खचतेय, म्हणजे गवताच्या जागी उघडं पाणी दिसायला शतक लागत नाही. खारफुटीला तिथे येऊन बस्तान बसवायला जेवढा वेळ हवा, तेवढा मिळेलच असं नाही.

आणि हा प्रश्न फक्त गवताचा नाही. मायामी आणि आसपासची लाखो माणसं बिस्केन जलधराचं पाणी पितात, म्हणजे सच्छिद्र चुनखडीतलं भूजल. किनाऱ्यावर गोडं पाणी हलकं आणि खारं जड, त्यामुळे गोडं वर तरंगतं. समतोलाचं ढोबळ गणित असं: समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी १ फूट उभं असेल तर ते समुद्रपातळीच्या खाली ४० फुटांपर्यंत खाऱ्याला रोखतं. वरचा तो १ फूट गेला की खालचे ४० फूट जातात. कोकणात समुद्रालगतच्या ज्या विहिरी जास्त उपशाने मचूळ होतात, त्यांच्यामागेही हेच गणित असतं. म्हणजे एव्हरग्लेड्समधली पाण्याची चादर शहराच्या नळालाही आधार देते.

मग सोडा ना पाणी!

इतकं ऐकल्यावर कोणीही म्हणेल, दरवाजे उघडा. खरा तिढा इथे आहे. उपलब्ध पाणी खतमिश्रित आहे. ते तसंच सोडलं तर दक्षिणेचा किनारा वाचेल, पण मधली साय आणि सॉग्रास जाईल. आणि फॉस्फरस एकदा मुरला की निघत नाही, हे खांबांनी दाखवलंय. स्वच्छ होईपर्यंत थांबावं, तर तिकडे पीट बसतंय, आणि बसलेलं पीट परत वर येत नाही. दोन्हीकडे परतीची वाट बंद.

१९८८ मध्ये केंद्र सरकारने फ्लोरिडाच्या यंत्रणांवर याच फॉस्फरससाठी खटला भरला. १९९१ मध्ये तडजोड झाली, १९९४ मध्ये राज्याने कायदा केला, आणि पुढे मर्यादा ठरली: लिटरला १० मायक्रोग्रॅम. त्यासाठी उसाच्या पट्ट्याखाली २३० चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्रावर कृत्रिम पाणथळं बांधली. तिथे पाणी संथ फिरवतात आणि वनस्पती फॉस्फरस शोषतात. गंमत म्हणजे त्यातली एक मुख्य वनस्पती पाणकणीस! खाली जो शत्रू, तोच इथे सफाई कामगार.

२००० मध्ये अमेरिकन संसदेने एव्हरग्लेड्स पुनर्स्थापनेचा मोठा आराखडा मंजूर केला. तेव्हाचा अंदाज ७.८ अब्ज डॉलर आणि ३० हून जास्त वर्षं. काम सुरू आहे, खर्चाचा अंदाज वाढत गेलाय. टॅमियामी ट्रेलचा एक मैलाचा तुकडा उचलून २०१३ मध्ये पूल पूर्ण झाला, नंतर आणखी पूल झाले, म्हणजे चादर पुन्हा खालून सरकू शकेल. उसाच्या पट्ट्यात पाणी साठवायला मोठा जलाशय बांधला जातोय.

माझं मत विचाराल तर, या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्या नोंदी. एखाद्या वर्षीची एखादी पाहणी असती तर विल्मा म्हणजे फक्त विध्वंस दिसला असता. आधीची मोजमापं होती म्हणून गाळात आलेलं खत कळलं. प्रयोग लवकर गुंडाळला असता तर ५ मायक्रोग्रॅमचा डोस कदाचित निर्धोक वाटला असता, आणि कदाचित कायद्यातली मर्यादाही वेगळी झाली असती. खाडीच्या बाबतीत कमी काळाचं मोजमाप नुसतं अपुरं राहत नाही, ते चुकीचं उत्तर छातीठोकपणे देतं.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही खाडीवर, जगातल्या कुठल्याही, कोणी प्रकल्पाची किंवा संवर्धनाची बातमी सांगितली की तीन प्रश्न विचारा. इथे चणचण कशाची आहे? ती गोष्ट कुठल्या बाजूने येते? आणि हे किती वर्षं मोजलंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'एक पावसाळा' असं आलं, तर पहिल्या दोन उत्तरांवर फार भिस्त ठेवू नका.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे कळवा, निवडक प्रश्न पुढच्या भागाच्या सुरुवातीला घेऊ. भेटू लवकरच.